काचेतला समुद्र आणि आमच्या दोघांच्या जिभा

आमचा बाबा पाणी चाखायचा. आमच्या खाडीकडच्या गावांत बापाला अहो-जाहो करायची रीत नाही, म्हणून मीही इथे करत नाही, कुणी रागावू नये. तर बाबा मिठागरावर होता. भरतीचं पाणी बांधातल्या उघाडीच्या दारातून आत घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत न्यायचं, उन्हानं ते घट्ट होत जायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. कुठलं पाणी कधी पुढे सोडायचं हे बाबा जिभेवर ठरवायचा. बांधावरून चालता चालता वाकायचा, करंगळी बुडवायचा, जिभेला लावायचा आणि थुंकायचा. "याला अजून ऊन पायजे," म्हणायचा, नाहीतर नुसती मान हलवून दार उघडायचा. मीठ धरायला लागलं की वाफ्यावर पातळ पापुद्रा येतो. त्यावर पाय पडला की कुरकुर वाजतं. तांदळाचा पापड दातांखाली मोडावा तसा तो आवाज. अजून कधी कुणी शेजारी पापड खाल्ला की मला आधी बाबाचे पाय दिसतात, भेगा पडलेले, पांढरे.

दुपारी आई भाकऱ्या घेऊन यायची. तांदळाची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, कांदा. बांधावर फडकं पसरून आम्ही खायचो आणि खाऊन झालं की बाबाचा खेळ असायचा. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, डोळे मिटायला लावायचा आणि वेगवेगळ्या वाफ्यांतलं पाणी बोटानं आमच्या जिभेवर सोडायचा. कुठलं पहिल्या वाफ्याचं, कुठलं मधल्या, कुठलं शेवटच्या. मी बहुतेक वेळा बरोबर सांगायची. वसंत कधी चुकलाच नाही. भाकरीची चव कळत नव्हती अशा वयातसुद्धा त्या पोराला पाण्याची चव कळायची. "जीभ माझ्यावर गेली याची," बाबा आईला म्हणायचा. आमच्या बाबानं पोरांचं कौतुक केलेलं मला तेवढंच आठवतं. मग वसंत दिवसभर जीभ बाहेर काढून गावात फिरायचा आणि आई त्याला हाणायची, "आत घे ती, माशी बसंल."

मिठागराचं हे सगळं या आठवणींच्या मागच्या प्रकरणांत येऊन गेलंय असं वाचणारा म्हणेल. पण ही जिभेची गोष्ट मी मुद्दाम ठेवली होती, कारण ती लहानपणी संपलीच नाही. ती परवापरवापर्यंत आमच्या तोंडात होती.

मिठागरं पुढे एकेक करून बंद पडली. वसंत रोह्याला केमिकल कंपनीत लागला, तीन पाळ्यांची नोकरी. लग्न केलं नाही. का नाही, ते मी विचारायचं कधीच सोडून दिलं. मी लग्न होऊन पेणला आले, पोरं वाढवली, त्यांना मार्गी लावलं, नवऱ्याला पोचवलं. आणि वसंतानं रोह्याच्या खोलीत समुद्र पाळला. पाळला असंच म्हणते मी. चार हात लांब काचेची पेटी, खाली कपाटात दुसरी पेटी, पंप, फेस काढणारं नळकांडं, वर निळे दिवे. आत मुंबईहून आणलेले दगड आणि त्या दगडांवर जिवंत पोवळी. ती समुद्रातून ओरबाडलेली नाहीत, पाण्यातच वाढवलेली आहेत, हे तो येईल त्याला चहाच्या आधी सांगायचा. एक होतं त्याच्या मुठी सतत उघडझाप करायच्या. एकाला नुसती बोटं, वाऱ्यावर हलल्यासारखी हलणारी. काही शर्टाच्या बटणांसारखी, हिरवी नि केशरी, दगडाला चिकटलेली. आणि नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, नवरा-बायको.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "वश्या, आपल्या अख्ख्या जन्मात आपण खारं पाणी घरात येऊ नये म्हणून बांध घातले. नि तू पैसे देऊन आणतोस व्हय?"

तो म्हणाला, "ताय, ते येत होतं. हे मी आणलंय."

मग त्याच्या पायाला सूज यायला लागली, जिना चढला की धाप. हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले. एकट्यानं राहायचं नाही आणि मीठ बंद. अगदी बंद. सुकट, बोंबील, पापड, लोणचं, काही नाही. मी म्हटलं पेणला ये. तो म्हणाला पेटी येत असेल तर येतो. आता काय बोलायचं? टेम्पो केला. पाणी निळ्या पिंपांत, पोवळी बादल्यांत, मासे वेगळ्या डब्यात आणि डब्यात बॅटरीवरचा छोटा पंप, बुडबुडे सोडणारा. वसंत पुढे बसायला तयार नाही, मागे बादल्यांपाशी. वडखळला गाड्या अडकल्या त्या अडकल्याच. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लाववत नव्हता. मी पुढून उतरून मागे गेले तर हा आपला रुमाल ओला करून डब्याच्या झाकणावर ठेवतोय आणि स्वतः घामानं निथळतोय. "वश्या, डोक्यावर ठेव तो रुमाल," म्हटलं. "माझं काय, मी हवेत हाय," म्हणाला. गाड्या हलल्या तेव्हा एक मोठा खड्डा आला आणि त्याची सामानाची पिशवी खाली आपटली. त्यात त्याची खारेपण मोजायची दुर्बीण होती. दुर्बीणच म्हणतो आम्ही तिला. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायची, आत रेघ दिसते ती आकड्यावर बघायची. फुटली नाही. पण वसंताच्या मनात तेव्हापासून तिच्याविषयी शंका बसली.

माझ्या पुढच्या खोलीत पेटी लागली आणि घराचा आवाज बदलला. पंपाची गुणगुण, खालच्या पेटीत पडणारं पाणी, नळकांड्यातला फसफसाट. पहिले काही दिवस मला सारखं वाटे की मोरीत नळ चालू राहिलाय, मी उठून जायची. मग सवय झाली. कामही वाढलं. पाणी उडून कमी होतं, तेवढं गोडं पाणी रोज घालायचं. काचेवर मीठ साठतं ते पुसायचं. काचेच्या आतून तपकिरी लेप चढतो तो खरवडायचा. वीज गेली की बॅटरी, बॅटरी गेली की हातानं ढवळायचं. एकदा एक शंख पंपात जाऊन अडकला आणि पंप जळाला. एकदा अशी काही शेवाळ वाढली की सगळ्या दगडांना केस आले. वसंत बसून ते केस उपटायचा, खांद्यापर्यंत हात पाण्यात. धाप लागली की स्टुलावर बसायचा, मग परत. मी म्हणायची, एवढं घरातलं कुणाचं केलं असतंस तर. पण मनात मला दुसरंच दिसत होतं. आजारी माणूस सकाळी उठतो कशासाठी? वसंत पेटीसाठी उठत होता. औषध मी दिलं तर "ठेव तिथं". पण सकाळी पेटीचे दिवे लागायच्या वेळेला हा तोंड धुऊन समोर हजर. म्हणून मी तक्रार तोंडानं करत होते, मनानं नाही. ती पेटी गेली तर हा अंथरुणाला लागेल, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

जेवणाचं मात्र मी एक ठरवलं, एका घरात दोन भांडी नकोत. त्याला अळणी तर मलाही अळणी. तो समोर फिकं वरण गिळतोय आणि मी ताटात जवळ्याची चटणी घेऊन बसलेय, हे मला जमलं नसतं. सुरुवातीला घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. आमसूल घालून बघितलं, लिंबू, लसूण, ओलं खोबरं जास्त. हळूहळू गोडी लागली म्हणायला हरकत नाही. इतकी की दुधीला दुधीची चव असते हे मला या वयात कळलं. वसंतही कुरकुरायचा बंद झाला. आम्ही दोघं समोरासमोर बसून कोंबडीनं दाणे टिपावेत तसे जेवायचो, आणि पलीकडे पेटीत मासे आमच्याकडे बघत बसायचे.

पेटी बिघडायला लागली ती कधी हे सांगता येत नाही. आधी त्या उघडझाप करणाऱ्या मुठी मंदावल्या. मग मिटूनच राहायला लागल्या. बटणं दुपारपर्यंत उघडायची नाहीत. वसंत तासन्‌तास समोर बसायचा, नाक काचेला. एका सकाळी त्यानं करंगळी बुडवली, जिभेला लावली, आणि मला एकदम बाबा दिसला.

"खारट झालंय गो," म्हणाला. "उन्हाळ्यानं पाणी उडतंय. मीठ वाढलंय."

"दुर्बिणीत बघ की."

"बगितलं. ती कमीच दाखवते. वडखळला आपटली तेव्हापासून खोटं बोलते."

"साध्या पाण्यावर बघायचं असतं ना रे? शून्य येतं का?"

"शून्य येतं. शून्य दाखवायला काय लागतं? तू चाख."

मी चाखलं. खरंच खारट होतं. कडवटपणापर्यंत खारट, घशाला लागणारं. मी म्हटलं, "व्हय रे, खारट हाय." दोन मिठागरवाल्यांच्या जिभा एक बोलत होत्या, मग दुर्बिणीचं कोण ऐकतो? त्या दिवसापासून वसंत रोज एक बादली पेटीतलं पाणी काढायचा आणि एक बादली गोडं पाणी घालायचा. रोज चाखायचा, रोज म्हणायचा, अजून खारटच आहे. आणि रोज काहीतरी मिटत होतं. हलणारी बोटं पांढुरकी होऊन गळाली. मुठींचं पोवळं वितळलं, त्याचा नुसता बुळबुळीत गोळा राहिला. घरात एक वास भरला, ओहोटीला चिखलात अडकलेल्या माशाचा असतो तसा. वसंत मेलेलं चिमट्यानं उचलून बाहेर काढायचा आणि परत पाणी बदलायला लागायचा. धाप वाढली होती. बादली मी उचलायला गेले तर उचलू द्यायचा नाही. मला तेव्हा इतका थकवा आला होता की दुपारी भांडी तशीच ठेवून मी भिंतीला टेकून बसायची. आपल्या डोळ्यांदेखत एखादं घर ओस पडतंय आणि घरातला माणूस जितका झटतोय तितकं ते जास्त ओस पडतंय. कारण मात्र सापडत नाही.

अशात शेजारची कुंदा एका रविवारी जेवायला आली. तिचा नवरा गावी गेला होता. कुंदा बोलायला फटकळ, पण मनानं चांगली. कुठल्याही घरी गेली की आधी झाकणं उघडून बघते. मी वालाचं बिरडं केलं होतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, दोन दिवसांचं काम. आणि कुंदा येणार म्हणून, हे मला नीट आठवतं, मी तिच्यापुरतं बिरडं वेगळ्या पातेलीत काढून त्यात मीठ घातलं होतं. चाखून घातलं होतं. माझ्या जिभेला अगदी पुरेसं, जरा जास्तच.

कुंदानं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, रागावू नका. मामांचं बिरडं माझ्या ताटात आलं वाटतं."

"नाय गो, ते तुझंच. मीठ घातलंय त्यात."

"कुठं घातलंय? पेणच्या बाजारातलं मीठ खारट नाय लागत मग. अहो, हे अळणी हाय. नुसते वाल नि खोबरं."

मी तिच्या पातेलीतलं चमच्यानं चाखलं. खारट लागलं. वसंताकडे चमचा दिला. त्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं. "केवढं मीठ टाकलंस गो ताय," म्हणाला.

कुंदा हसायला लागली. "दोघांना एकदम वेड लागलं का काय? मीठ सोडून सोडून जिभा गेल्या तुमच्या. आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. बीपीनं मीठ बंद केलं, नि मग लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पदार्थ खारट म्हणून ओरडले. वाढप्याशी भांडले."

ती हसत होती आणि वसंत हसत नव्हता. तो हातातला चमचा तसाच धरून पेटीकडे बघत होता. मग हात न धुताच उठला, वाटी घेतली, पेटीतलं पाणी काढलं आणि कुंदापुढे ठेवलं.

"चाख."

"मामा, मी नाय चाखणार माशांच्या मुताचं पाणी!"

"कुंदा, चाख गो बाय," तो म्हणाला. ज्या आवाजात म्हणाला त्यानं तिचं हसू थांबलं. तिनं करंगळी बुडवली, बिचकत जिभेला लावली.

"हे खारं?" म्हणाली. "मामा, उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी याच्याहून खारं असतं. हे तर कुणी चूळ भरायला दिलं तरी चालंल."

पंपाची गुणगुण तेवढी चालू. वसंतानं दुर्बीण काढली, थेंब टाकले, खिडकीकडे धरली. खूप वेळ धरली. मग माझ्याकडे दिली. रेघ जिथे हवी त्याच्या कितीतरी खाली होती. म्हणजे ती पहिल्यापासून खरंच सांगत होती, काचेवरून पुसलेलं आणि फेसाबरोबर गेलेलं मीठ भरून आलंच नव्हतं, आणि आम्ही रोज एक बादली ओतून समुद्र अळणी करत होतो. माझ्या स्वयंपाकासारखा.

पाण्याचं खारेपण एकदम वाढवता येत नाही, उरलेलं असेल तेही मरतं. थोडं थोडं मीठ विरघळवून बरेच दिवस घालावं लागतं. वसंतानं तेवढं केलं, यंत्रासारखं, आणि झाल्यावर खाटेवर पडला. दिवे लागले तरी उठेना. पेटीत दोन मासे आणि एका दगडावर थोडी बटणं, बाकी सगळं उजाड. मी चहा घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड. मला ज्याची भीती होती तेच समोर आलं होतं.

एक दिवस म्हणाला, "बाबा मला कधी चुकलास म्हणाला नाय."

"बाबा मीठ खाऊन चाखत होता रे," मी म्हटलं. "त्याच्या तोंडात रोज बोंबील होता. त्याला अळणी जेवायला घातलं असतं तर त्यानं अख्खं मिठागर बुडवलं असतं."

मीही थकले होते, समजूत घालायला माझ्याकडे फार काही नव्हतं. मनातलं होतं ते बोलून टाकलं. "वश्या, बंद करू या हे. तुझ्यानं होत नाय, माझ्यानं होत नाय. माझी पाठ राहिली नाय आता. पेटी कुणाला तरी देऊन टाक, खोली मोकळी होईल." बोलले आणि घाबरले. हा हो म्हणाला तर?

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "नि माशांचं काय करू?"

"किती जगणार ते आता? म्हातारे झाले असतील."

"नीट ठेवले तर वीस-वीस वर्षं जगतात."

"वीस?" मी खरंच चकित झाले. "मेल्या, हे आधी नाय सांगितलंस? म्हणजे आपल्याला पोचवून वर हे राहणार?"

त्याच्या पाठीला हलकेच हिसका बसला. मला वाटलं रडतोय. हसत होता. बऱ्याच दिवसांनी. कूस वळवली, डोळे पुसले. "तर मग," म्हणाला, "कुणाला तरी आत्तापासून शिकवायला पायजे."

"कुंदाला सांगू?"

"तिच्याकडे मांजर हाय."

मग तो उठून बसला. पाय खाली सोडले, सुजलेले, थोडा वेळ त्यांच्याकडेच बघत बसला. भिंतीला धरून पेटीपाशी गेला आणि काचेवर साठलेलं मीठ ओल्या फडक्यानं पुसायला लागला. एका कोपऱ्यापासून, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. मी म्हटलं, मग काय ठरलं? "काय ठरायचंय," म्हणाला, "काच घाण झालेली." मी चहा परत गरम करून त्याच्याजवळ स्टुलावर ठेवला आणि त्याच्या रिकाम्या खाटेवर जाऊन आडवी झाले. अंथरूण अजून उबदार होतं. भांडी राहिली होती, ती राहू दिली.